ओट्यावरचं कोलेस्टेरॉल

तुमच्या ओट्यावर कधी तुमचंच कोलेस्टेरॉल येऊन बसलं आहे का? हिंगणघाटजवळच्या एका गावात विमलताई ढोमणे यांच्या ओट्यावर ते येऊन बसलं. सगळं नाही, जवसाच्या चटणीने त्यांच्या अंगातून कमी झालं तेवढंच. फिकट पिवळं, लोण्याच्या गोळ्याएवढं आणि भयंकर चिडलेलं.

विमलताईंना कसलाही आजार नव्हता. महिला मंडळात कुणीतरी सांगितलं, जवस खाल्लं की कोलेस्टेरॉल उतरतं. आपलं वाढलंय की नाही हे बघायच्या आधीच त्यांनी खलबत्ता काढला. जवस भाजलं, लसूण, तिखट, मीठ घालून कुटलं आणि कच्चं तेल ओतून दोन्ही वेळेला भाकरीशी खाल्लं. चटणी झकास झाली होती, हेही खरंच.

“माहा गुन्हा सांग बाई,” कोलेस्टेरॉल म्हणालं. “जास्त झालो होतो का? कुठं साचून बसलो होतो का?”

“तसं कोणी म्हटलं नाही रे.”

“मग मले काढलं कायले? आजारी माणसानं काढलं असतं तर एक शब्द बोललो नसतो. तू चांगली धडधाकट! तुही लेकरं पोटात होती तेव्हा त्यांच्या वाढीसाठी मी राबलो. आता म्हातारपणी ओट्यावर आणून बसवलं!”

विमलताईंना आधी वाईट वाटलं, मग त्यांचाही पारा चढला. “चटणी खाल्ली मी, चोरी नाही केली! माह्या घरात मी काय खावं हे तू सांगशील?”

“आजवर तुह्याच घरात राहत होतो मी!”

शेजारणी कुंपणापाशी जमल्या. शेवटी तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष वामनराव कुंभारे यांना बोलावणं गेलं. ते धापा टाकत आले. त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं होतं, पण ते आतच असल्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

“अर्जदार चांगलं का वाईट?” त्यांनी खुर्चीत बसत विचारलं.

“वाईटच म्हणतात मले, साहेब. पण मर्यादेत राहत होतो. मर्यादेत राहणाऱ्याले कोणी हाकलते का?”

वामनरावांनी बराच विचार केला. “बाईले चटणी सोड म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “आणि तुले आत घे म्हणावं, तर आत जायची वाट नाही. ओट्यावर राहा. बाईनं उठवू नये.”

“आणि माहा अपमान झाला त्याचं काय?”

“तो विषय समितीकडं येत नाही,” असं म्हणून वामनराव उठले.

संध्याकाळपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पण ढोमण्यांच्या घरची रीत अशी, की जेवणाच्या वेळी ओट्यावर कोणी बसलेलं असलं तर त्याला विचारल्याशिवाय घरात घास घ्यायचा नाही. विमलताई धुसफुसतच ताट घेऊन बाहेर आल्या. भाकरी, वरण आणि सवयीप्रमाणे चटणी.

कोलेस्टेरॉलने ताटाकडे पाहिलं. “हेच वाढलं मले? लाज नाही वाटली?”

“तोंडी लावायला दुसरं काही नाही घरात. खायचं तर खा, नाही तर राहू दे!”

त्याने तोंड फिरवलं. विमलताई चौकटीत उभ्याच राहिल्या. भाजलेल्या लसणाचा वास ओटाभर झाला.

“तेल तरी घाल त्यावर,” ते तोंड फिरवूनच म्हणालं.

त्यांनी तेल घातलं. त्याने खाल्लं. मग ताट पुढे सरकवून ते म्हणालं, “राग आहेच माहा. चटणी वाढ अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंनी दार उघडलं, तेव्हा त्याच्या शेजारी वाटाण्याएवढं आणखी एक कोलेस्टेरॉल बसलं होतं. ते त्याला आपला गुन्हा विचारत होतं, रात्रीच्या चटणीने जरासं रोडावलेलं मोठं खाली मान घालून ऐकत होतं, आणि विमलताईंनी आत जाऊन चहात एक कप पाणी वाढवलं.