गणूची चिनी बाई

गणूच्या घरात पाय धुतले नाहीत तरी चालतं, हात धुवावे लागतात. उंबऱ्यातच ओरडतो, "हात धुतलंस का रं?" मतं मागायला आलेल्यांनाही त्यानं मोरीकडं पिटाळलंय.

कारण कोनाड्यातली चिनी मातीची फुलदाणी. निळी, हातभर उंच. गळ्याला न् बुडाला धातूची नक्षीदार कड, तिच्यावर सोन्याचं पाणी. गणू आमचा शेजारी, बिनलग्नाचा. खालापूरकडं एका बंगल्यावर जन्मभर माळी होता. मालकीणबाई परदेशी लेकाकडं गेल्या, जाताना ही देऊन गेल्या. गणू तिला 'बाई' म्हणतो.

"म्हायेर चीनचं, सासर विलायतेचं. ही सोन्याची कड सासरी घातली. म्हातारपण माज्याकडं."

मालगाडी गेली की आमच्या भिसेगावात भिंती थरथरतात. गणू जेवत असला तरी उठतो, उष्टा हात वर धरून डाव्या हातानं बाईला कवटाळतो.

एका दसऱ्याला माझी बायको सखू त्याचं घर आवरायला गेली. हात धुऊनच गेली. कड काळी दिसली, म्हणून चिंच न् राख लावून घासली, देवाची भांडी घासायची तशी. एका बाजूचं सोनं पार गेलं. मला वाटलं, आता हा हिला हाकलतो. तो कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "वैनी, लख्ख केलीत."

माझ्याशी मात्र दोन महिने बोलला नाही.

ती बाजू त्यानं भिंतीकडं फिरवली. सोन्याचं पाणी देणारा शोधत पार खोपोलीपर्यंत हिंडला. सोनार हसले.

सखू या पावसाळ्यात गेली. लुगडी लेकींनी नेली. मला भाकरी थापता येत नाही, म्हणून गणूकडं जेवतो.

परवा आम्ही जेवत असताना बाईबद्दल ऐकून मुंबईहून जुन्या वस्तूंचा एक जाणकार आला. गणूनं आधी त्याला हात धुवायला लावले.

बाई फिरवून बघून तो म्हणाला, "काका, पुन्हा सोन्याचं पाणी चढवून देतो. घासलेलं कळणारसुद्धा नाही."

मी हातातला घास पानात ठेवला. सखूचा हात फिरलेला अजून दिसतो, अशी तेवढीच जागा उरलीय. पण वस्तू गणूची.

गणू म्हणाला, "नको. आमच्या वैनीनं घासलंय. कळू दे की."

माणूस गेला. गणूनं बाईची घासलेली बाजू माझ्याकडं फिरवली न् परत पानावर बसला. तेवढ्यात मालगाडी आली. भिंती थरथरल्या. गणू जागचा हलला नाही.

"धर रं," म्हणाला.

मी उठलो, दोन्ही हातांनी धरली. एक हात उष्टा होता. गणूनं मला मोरीकडं पिटाळलं नाही.