गुंडेरावांचा भुईमूग

उदगीर स्टेशनावर हैदराबादेची गाडी थांबली की तिसऱ्या वर्गाच्या खिडकीशी भुईमुगाचं एक मुळासकट उपटलेलं झाड वर यायचं. झाडाखाली आमचे शेजारी गुंडेराव असायचे, तहशिलीतले निवृत्त पेशकार. "याला तुमच्यात काय बोलतेत?" आतला बिचारा आधी दचकायचा, मग नाव सांगायचा. गुंडेराव मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवायचे आणि लगेच पुढं विचारायचे, "आन् म्हंजी काय?"

निजामशाहीची ती शेवटची वर्षं. मी तिथं तिकीटबाबू होतो, म्हणून हा तमाशा रोज फुकट.

"आमच्यात हा भुईतला मूग," ते मला समजावत. "कानडी मानूस म्हंतो नेलगडले, जमिनीतला हरभरा. तेलंगी म्हंतो वेरुशनग, मुळाचा हरभरा. सांगा बाबू, हा मूग न्हाई आन् हरभराबी न्हाई. मुळाला तर शेंग लागतच न्हाई." मग त्यांचा आवाज उतरायचा, नजर रुळांपल्याड जायची. "पिवळं फूल सुकतं, मग त्याची आरी, दोऱ्यागत देठ, वाकत वाकत मातीत शिरते. तिथं अंधारात धरते शेंग." गाडी जाऊन धूर विरला तरी झाड हातात तसंच. एकदा तर एका तेलंगी कापडवाल्याला, तुमच्या वाडवडलांचं नाव ठेवण्यात चुकलं, हे पटवून देता देता ते भालकीपर्यंत विनातिकीट गेले.

लोक म्हणत, याला येड लागलंय. मीही म्हणायचो. कारण कळलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

यमुनाकाकू, त्यांच्या पत्नी, बोधनकडच्या. लग्न होऊन आल्या त्याच दिवशी सासूनं त्यांची तेलुगू उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. चाळीस वर्षं काकू मराठीच बोलल्या. पोळ्याच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि शुद्धीवर आल्या तर मराठी पार पुसलेली. दोन दिवस नुसत्या "पल्ली, पल्ली" म्हणत होत्या. शेवटी एका तेलंगी हमालानं सांगितलं, आमच्याकडं शेंगांना पल्लीही म्हणतात, त्याच मागताहेत.

वैद्य म्हणाले होते, फार दिवस नाहीत. तेवढ्यात बायकोशी चार गोष्टी बोलता याव्यात, एवढीच गुंडेरावांची धडपड. मला तुमची भाषा शिकवा, असं परक्याला म्हणायचा संकोच वाटे. झाड पुढं केलं की माणसं आपसूक बोलत. फूल, माती, पाणी, भूक, सगळे शब्द त्यातूनच निघत.

एका दुपारी मी त्यांच्याकडं ताक घेऊन गेलो. गुंडेराव बाजेशी बसले होते. फुलाला बोट लावून "पुव्वु", खाली दाखवून "मट्टी", असं करत बायकोला त्या आरीची गोष्ट सांगत होते. काकू हसल्या. मग छताकडं बघत हळूहळू बरंच काही बोलत राहिल्या. गुंडेराव मान डोलावत होते.

ओसरीवर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सगळं न्हाई कळलं. तीन शब्द कळले." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "काल एकच कळला होता."