मध्यंतरापर्यंतचे बिरादार

आमच्या इमारतीची लिफ्ट फार हळू चालते. व्यंकटराव बिरादारांना ती तेवढ्यासाठीच आवडते. तळमजल्यावर तुम्ही त्यांच्या हाती लागलात, की पाचव्या मजल्यापर्यंत एखाद्या नव्या नाटकाची अर्धी गोष्ट तुम्हाला ऐकावीच लागते. अर्धीच. तुमचा मजला आला की ते दारात पाय घालून उभे राहतात आणि म्हणतात, "इथं मध्यंतर. पुढचं तुमी बघून या, आन् मला सांगा."

मोशीतली आमची इमारत म्हणजे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली माणसं. सकाळी कंपनीच्या बसने चाकणला किंवा भोसरीला जायचं, परत येऊन पाण्याचा टँकर आला का ते बघायचं आणि झोपायचं. यात नाटक कुठे बसवणार? पण बिरादारांचं म्हणणं असं की नाटक बसवावं लागत नाही, ते ज्याचं त्याला शोधून द्यावं लागतं. ते स्वतः उदगीरकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात, भट्टीखात्यात, उभी नोकरी काढून निवृत्त झालेले. कुणाच्या घरात काय चाललंय याचा कानोसा घेऊन ते नाटक सुचवतात. दुसऱ्या मजल्यावर भावाभावांची वाटणी निघाली, तेव्हा थोरल्याला गाठून म्हणाले, "फ्रिज नेमका वाटणीच्या रेषेवर येतो, असं एक नाटक आलंय. पोरगं नवीनच लिहायलंय. दोघं मिळून जावा." थोरला आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही.

त्यांचा नियम एकच, लेखक जिवंत पाहिजे. एकदा मी एका जुन्या, गाजलेल्या नाटकाचं नाव घेतलं. त्यांनी ते हातानेच बाजूला सारलं.

"ते चालतंय की ओ सर. त्याला माझी गरज नाही. जो अजून लिहायलाय, त्याच्यापुढं माणसं बसाय पाहिजेत."

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "टँकर आला का?" असं विचारलं, की त्याखाली बिरादारांचं उत्तर असतं: "टँकर नाही. पण शनिवारी चिंचवडला नवीन नाटक आहे, तीन पात्रं, बघण्यासारखं." आमच्या सेक्रेटरी गोरेबाई वैतागून लिहितात, "काका, हा ग्रुप पाण्याचा आहे." काका त्यावर नमस्काराचं चित्र टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन नाटक.

सगळे त्यांना "हो हो, नक्की" म्हणतात आणि कुणीही जात नाही. हे त्यांना लागतं. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या पाटोळ्याने सुटका करून घ्यावी म्हणून सांगून टाकलं, "बघितलं काका. एकदम भारी."

बिरादारांचा चेहरा उजळला. त्यांनी पाटोळ्याचा हातच धरला. "खरं? मग? शेवटाला काय झालं?"

"शेवटी... लग्न झालं."

"कुणाचं?"

पाटोळ्याने लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं. "तसं सगळ्यांचंच."

बिरादारांनी हात सोडला. "त्या नाटकात दोन म्हाताऱ्या आन् एक पोस्टमन हाय, पाटोळे," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून बिरादार परीक्षा घेतात अशी इमारतीत बोलवा झाली. ते लिफ्टपाशी दिसले की धडधाकट माणसं जिन्याने जायला लागली.

मी त्यांना नीट ओळखायला लागलो ते अण्णा गेल्यावर. अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघेही सडेफटिंग, एकाच घरात म्हातारे झालो. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. बोलण्याचं काम अण्णाकडे होतं, ऐकण्याचं माझ्याकडे. तो गेला आणि घरात ऐकण्यासारखं काही उरलं नाही. माणसं भेटायला येत, ठरलेलं बोलत, चहा नको म्हणत आणि उठत. बिरादार आले आणि सतरंजीवर बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "सर, एक नवीन नाटक आलंय."

माझ्या चुलतबहिणीने डोळे वटारले. बिरादारांना ते दिसलंही नसावं. एका बाईने नवऱ्याचा बंद पडलेला फोन पुन्हा चालू केला, आणि त्यावर अनोळखी माणसांचे फोन यायला लागले, अशी ती गोष्ट होती. त्यांपैकी एक फोन एका लहान मुलीचा. "ती मुलगी म्हणते, बाबा, मी खाली उभी आहे. इथं मध्यंतर," असं म्हणून ते उठले आणि गेले.

मला राग आला. पण पुढे चार दिवस मी, ती मुलगी कोण असेल, याचाच विचार करत होतो. अण्णा गेल्यावर दुसरं काही डोक्यात येण्याची ती पहिलीच वेळ. तरी नाटक बघायला काही मी गेलो नाही.

मग 'सॅम्पल फ्लॅट' आलं. तळेगावच्या कुणा तरुणाने लिहिलेलं, आणि प्रयोग चिंचवडला, गुरुवारी दुपारी. बिरादारांना आनंद मावेना. आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, आणि नाटकं येतात ती शनिवार-रविवारी, ही त्यांची जुनी तक्रार. "गुरुवारचं नाटक! आता कोण काय कारण सांगंल?" त्यांनी घरोघर जाऊन होकार घेतले. त्या लेखकाला फोनवर सांगितलं, आमची इमारत येणार. चाकणच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर चाकणचाच गाववाला. तोही गाडी लावायला तयार झाला.

आदल्या दिवशी कंपनीत बोर्ड लागला. माल पाठवायचा राहिला होता, म्हणून गुरुवार कामाचा आणि बदली सुट्टी पुढे कधीतरी. ड्रायव्हरचा फोन आला, "काका, आमी काय करावं? गाडी शिफ्टला लावली. येता यायचं न्हाई."

गुरुवारी दुपारी मी गॅलरीतून पाहिलं. गेटपाशी बिरादार एकटे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, रिक्षा न थांबवता उभे. इमारतीकडे बघत होते. मी चप्पल घातली आणि खाली गेलो.

"सर, तुमी?"

"आलोच आहे तर चला."

नाट्यगृहाच्या दारात तो लेखक उभा होता. पोरसवदा, दाढी वाढलेला. आमच्या मागे कुणी आहे का ते बघत होता. बिरादार त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "येतेत, येतेत. गाड्या लावायलेत." आत पुढच्या दोन रांगाही भरलेल्या नव्हत्या.

नाटक चांगलं होतं. एक इमारत बांधायची राहून गेलेली, तिचा फक्त नमुन्याचा फ्लॅट तयार. त्यात राखणदार आणि त्याची बायको राहतात. गिऱ्हाइकं येतात, बघतात, जातात. एक दिवस एक म्हातारी येते, सोफ्यावर बसते आणि उठतच नाही. म्हणते, तिसरा मजला माझा आहे, मला घरी न्या. पडदा पडला. दिवे लागले. बिरादार उठले.

"येतो मी सर. तुमी बघा."

"कुठे निघालात?"

"इथं मध्यंतर," ते म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नाही.

मी त्यांच्यामागे बाहेर आलो. ते बटाटेवड्याच्या खिडकीपाशी उभे राहिले, घेतलं काही नाही.

"भट्टी रात्रीची असायची माझी, कायमची," ते म्हणाले. "गुरुवारी नाटक नाही, आन् नाटक असंल तवा ड्यूटी. मध्यंतर झालं की मी पळायचो. बस चुकली की खाडा. ही बसून राहायची. एकटीच पुढचं बघायची, रिक्षानं घरी जायची. सकाळी मी आलो की चहा ठेवायची आन् सांगायची. पयले सगळ्यांच्या साड्या. मग गोष्ट."

"सगळी नाटकं?"

"सगळी. मी एकाबी नाटकाचा शेवट बघितला नाही, सर. ऐकले तेवढे."

आत घंटा झाली.

"मग आता बघा की. आता कुठली बस चुकणार आहे?"

"बसलो होतो एकदा, ही गेल्यावर. पडदा वर गेला, दिवे आले. बघवंना. ते तिचं होतं." त्यांनी आत जाणाऱ्या तुरळक माणसांकडे पाहिलं. "लोकाला वाटतंय मी परीक्षा घ्यायलो. मला ठावकीच नसतंय की ओ. म्हणून इचारायलो."

दुसरी घंटा झाली. मी आत गेलो आणि बसलो. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं.

सकाळी मी चहाला बोलावलं. बिरादार स्वयंपाकघरात, अण्णाच्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसले. मी घाईने सांगून टाकलं, "राखणदार म्हातारीला बांधकामाच्या परांचीच्या बांबूंवरून वर नेतो आणि जिथे तिसरा मजला असता तिथून—"

"ओ सर!" ते दुखावल्यासारखे ओरडले. "असं नाही. पडदा वर गेला, तिथनं सांगा."

मी पुन्हा सुरुवात केली. पडदा वर गेल्यापासून. मला जमत नव्हतं. मी अडखळत होतो, मागे जात होतो, राहिलेलं मध्येच घालत होतो. कित्येक महिन्यांत मी इतकं बोललो नव्हतो. चहा निवला, मी बोलतच होतो. ते अधूनमधून फक्त "मग?" म्हणत. बांबूंवरून ती म्हातारी वर चढली, रिकाम्या हवेत तिने गावाकडची दिशा ओळखली आणि म्हणाली, वारा चांगला आहे, इथे राहीन, तेव्हा बिरादारांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

मग त्यांनी विचारलं, "म्हातारीची साडी कंच्या रंगाची होती, दुसऱ्या अंकात?"

मला आठवेना. मी लक्षच दिलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि उठले.

"असू द्या," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला बघून ठेवा."