तिसरा पुकारा

नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी नाही, अशा काळात नाना पिंगळे रोज सकाळी अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "सरस्वती कोम गणपत पिंगळे, हाजिर होऽऽ!"

आतून काकू म्हणत, "हाजिर आहे. चहा व्हायचाय अजून."

शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते नानांना कधीच कळलं नाही. नाशिकच्या मुन्सफ कोर्टात पुकारा करण्यात त्यांचा जन्म गेला होता. लाल पट्टा, पितळी बिल्ला, खिशात ज्येष्ठमधाची कांडी. दावा निघाला की दारात येऊन वादी-प्रतिवादींना तीनदा पुकारायचं; पुरुषाला 'वलद' लावून बापाच्या नावासकट, बाईला 'कोम' लावून नवऱ्याच्या. तिसऱ्या पुकाऱ्यालाही वादी आला नाही, तर दावा निकाली. मग तो बिचारा पहाटे घरून निघून पायपीट करत आलेला का असेना.

नाना पेन्शनीत निघणार म्हणून त्यांच्या जागी मला घेतलं. पट्टा मिळाला, पण आवाज कुठून आणणार? पंक्तीत "भात वाढा" म्हणायलाही लाजणारा मी! पहिल्या दिवशी मी पुकारा केला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या वकिलांनी विचारलं, "काय हो, काही हवंय का?"

मुन्सफसाहेबांनी मला आत बोलावलं. "पक्षकार बसतात त्या चिंचेपर्यंत आवाज गेला पाहिजे. महिनाअखेर पाहीन, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल." घरी विधवा आई आणि लग्नाच्या दोन बहिणी.

नानांनी मला ताब्यात घेतलं. "मास्तर," ते म्हणाले. मी सातवी पास होतो, एवढ्यावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं. "तू नाव चावतो. नाव म्हंजे माणूस हाय. बापासकट आख्खा भाईर येऊ दे. चावायचं नाय!"

दिवसभर हेच. मी पाणी मागितलं तरी "चावलंस!" आणि दुसरा धडा असा की, तिसऱ्या पुकाऱ्याला घाई करायची नाही. नाना स्वतः दुसरा पुकारा झाला की फेटा सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेत. आत साहेब खाकरायचे. "फेटा सुटला, साहेब," नाना शांतपणे सांगायचे. तेवढ्यात सायखेड्याचा एखादा शेतकरी धापा टाकत फाटकातून आत शिरायचा. नानांचा फेटा नेमका अशाच वेळी का सुटतो, हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

एका रविवारी त्यांनी मला गोदावरीच्या अलीकडच्या काठावर उभं केलं आणि स्वतः छत्री घेऊन पूल ओलांडून पंचवटीच्या काठाला गेले. आवाज पोहोचला की छत्री वर करणार होते. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि ओरडलो, "रामचंद्र वलद लक्ष्मण, हाजिर होऽऽ!"

पंचवटीकडे तोंड करून रामचंद्राला हाक मारू नये, एवढी अक्कल मला हवी होती. चार-पाच जण एकदम वळले. त्यांतला एक न्हावी खरोखरच लक्ष्मणाचा रामचंद्र निघाला. कोर्टाचं बोलावणं आलं म्हणून तो वस्तऱ्यासकट गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे यायला निघाला आणि त्याच्यामागून अर्धं डोकं भादरलेला यात्रेकरू, "अरे, माझं उरलेलं कोण करणार?" म्हणून ओरडत येऊ लागला. पलीकडे नाना छत्री वर धरून नाचत होते. माझा आवाज एवढा लांब जातो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

महिनाअखेर दिंडोरीच्या एका म्हातारीचा जमिनीचा दावा निघाला. साहेब मान वर करून ऐकत होते. पहिल्या पुकाऱ्याला उत्तर नाही, दुसऱ्यालाही नाही. मला फेटा नव्हता, टोपी होती. ती काढली, झटकली, फुंकर मारली, आतलं अस्तर तपासलं. साहेब खाकरले. मग छाती भरून म्हातारी नवऱ्यासकट, गावासकट आख्खी बाहेर काढली. चिंचेखाली झोप लागलेली ती दचकून उठली आणि लुगडं सावरत धावत आली, "हाय रं बाबा, मी हाय!"

"टोपी सुटली होती वाटतं?" साहेबांनी विचारलं आणि माझी नोकरी पक्की झाली.

संध्याकाळी पेढे घेऊन नानांकडे गेलो. काकू म्हणाल्या, "नदीवर गेलेत. दिवेलागणीला जातातच." घाटाच्या पायरीवर नाना उभे होते. पलीकडे तोंड करून म्हणाले, "विष्णू वलद गणपत पिंगळे, हाजिर हो!" पुन्हा एकदा तसंच. आवाज अर्ध्या पाण्यातच विरला. तिसऱ्या पुकाऱ्याची मी वाट पाहिली, पण ते खाली बसले.

मला पाहून ओशाळले. "आमचा पोरगा. हाच पट्टा बांध म्हनलो, तर भांडला आन् त्या पुलावरून जो गेला तो गेला. लय वर्सं झाली."

"नाना, तिसरी हाक?"

"ती नाय मारायची. तिसऱ्याला नाय आला, तर दावा निकाली निघतो."

पेढ्यांची पुडी तशीच हातात राहिली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, माझा आवाज आता पल्याड जात न्हाई. तू मार की."

मी उभा राहिलो. कोर्टात भरली नव्हती एवढी छाती भरून विष्णूला बापासकट बोलावलं. एकदा. पुन्हा एकदा. पलीकडे दिवे सोडणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं, एक सायकलवाला थांबला आणि पुढे गेला. मी टोपी काढून झटकली आणि नानांच्या शेजारी बसलो.

बराच वेळ ते पलीकडे पाहत होते. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाव चावलं नाय हां तू."