घरांचे होलसेल व्यापारी रंगनाथ मामा

घर बघायला गेले की रंगनाथ मामा आधी चपला काढतात, मग भिंतीवर उजव्या हाताचा पंजा टेकवून डोळे मिटतात. घरमालकाला वाटतं, मामा वास्तूला नमस्कार करतायत. मामा ताप बघत असतात. त्यानंतर बोटांनी भिंत ठोकायची, कान लावायचा आणि मालकाकडे वळून सांगायचं, "हिला ओल हाय. वरून न्हाई, खालून. जुनं दुखणं हाय."

मामांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेली. जिल्ह्यातल्या निम्म्या गावांतल्या बैलांच्या खुरांना त्यांनी पट्ट्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर ते परभणीत आमच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले, एकटेच. माझं रजिस्ट्री ऑफिससमोर टायपिंगचं दुकान आहे. मामा रोज सकाळी तिथे पेपर वाचायला यायचे आणि निधनवार्ता संपल्या की घरी जायचे.

मग त्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. कोट घातलेला एक तरुण त्यात सांगत होता की स्वतः घर न घेता घराच्या धंद्यात श्रीमंत होता येतं. मामा वही घेऊन दुकानात आले.

"घर घ्यायचंच न्हाई," ते म्हणाले. "मालकाला नावापुरता इसार द्यायचा, तीन महिन्यांची मुदत लिहून घ्यायची. तेवढ्यात गिऱ्हाईक हुडकायचं अन् ती इसारपावती त्याच्या हातात द्यायची. मधला फरक आपला. ह्याला होलसेल म्हन्तेत."

"आणि गिऱ्हाईक नाही मिळालं तर?"

मामांनी वही चाळली. "त्या टायमाला मधीच जाहिरात लागली."

मी कार्डं छापून आणून दिली. खाली 'घरांचे होलसेल व्यापारी' असं मामांच्या आग्रहावरून ठळक अक्षरांत. त्या कार्डांनी गल्लीचे पंधरा दिवस मजेत गेले. कटिंग सलूनवाल्याने विचारलं, डझनाने घेतली तर काय भाव लावाल. शेजारच्या काकूंनी विचारलं, सणासुदीला सूट असते का. मामा कुणावर चिडले नाहीत. "सध्या सुटी विक्री चालू हाय," असं प्रत्येकाला शांतपणे सांगायचे.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक शाळामास्तर. घर पेडगावच्या रस्त्याला, मालक सोबत. मामांनी पंजा टेकवला, ठोकलं, ऐकलं आणि मागच्या कोपऱ्यातल्या खांबाशी बसकण मारली.

"गुर्जी, घर चांगलं हाय. पन मागच्या पायानं लंगडतंय."

मास्तर खांबाकडे बघत राहिले, मालक मामांकडे. मास्तर गेल्यावर मालकाने विचारलं, "मामा, तुमी माझ्याकडून का त्याच्याकडून?"

"मी घराकडून," मामा म्हणाले.

असंच चालू राहिलं. एका घराला त्यांनी 'हवा धरलेलं' ठरवलं, कारण फरशीवर पाय आपटला की पोकळ वाजायचं. एका नव्याकोऱ्या बंगल्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "ह्याला लय चारलंय, पन हाडात ताकद न्हाई." मी इसारपावत्या टाइप करत होतो आणि त्यांच्या मुदती संपत होत्या.

"मामा, गिऱ्हाईक समोर असताना जरा गप्प बसत जा," मी एकदा म्हणालो.

"बैलबाजारात लोक मला इचारून बैल घ्यायचे," ते म्हणाले. "लंगडा बैल धडधाकट हाय म्हनून कोनाच्या गळ्यात घातला न्हाई. आता घरापायी तोंड खराब करू का?"

अशात पिंगळीचं घर आलं. स्टेशनपासून जवळ, रस्त्याला लागून, दोन खोल्या आणि अंगण. मालकीण शेवंताबाई ब्लाउज शिवायच्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. मुलाला तिकडे फ्लॅट घ्यायचा होता. "पोरगं म्हन्लं इक, म्हनून इकायले," एवढंच त्या म्हणाल्या.

या घराला गिऱ्हाईक मिळालं, खताच्या दुकानाचे एक शेठ. मामांनी त्यांना भिंतीची ओल दाखवली. शेठ हसले. तडा दाखवला, तरी हसले. "मामा, मी ते सगळं पाडनारच हाय. मला गोडाऊनला जागा पायजे, भिंती न्हाईत." मामांना पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक भेटलं होतं, ज्याला कुठल्याच दुखण्याचं काही वाटत नव्हतं. मधला फरकही चांगला सुटत होता. त्या दिवशी मामांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

खरेदीखताच्या दिवशी सगळे माझ्या दुकानात जमले. मी टाइप करत होतो. शेवंताबाईंनी किल्ली शेठच्या हातात दिली आणि थोड्या वेळाने हात पुढे केला. "जरा द्या. दूध झाकायचं राहिलं वाटतं." मग आठवून म्हणाल्या, "न्हाई, झाकलंय." किल्ली परत दिली. पुन्हा मागितली. "मशीनवर कपडा टाकला का न्हाई, बगून येते." दारापर्यंत गेल्या, मागे आल्या, किल्ली शेठच्या हातात ठेवली. तिसऱ्यांदा त्यांनी काहीच कारण सांगितलं नाही. नुसता हात पुढे केला.

शेठ हसत म्हणाले, "मावशी, किल्ली काय करायची? मी कुलपासगट पाडायलोय."

शेवंताबाई हात तसाच धरून उभ्या होत्या.

मामा इतका वेळ कागद चाळत होते. त्यांनी चष्मा काढला. "शेठ, पाया किती खोल घेनार?"

"आठ फूट."

"शटर कोन्या बाजूला?"

"रस्त्याच्या."

"मंग तिथंच हायेत," मामा म्हणाले.

"काय?"

"म्हशी. काळपुळीची साथ आलती तवा सात म्हशी तिथं पुरल्यात. मी सोता चुना टाकलाय. वरून राहायला काय न्हाई होत. पन तो रोग मातीत मरत न्हाई. खांदलं की वर येतो, मानसालाबी धरतो."

सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, या माणसाने जनावराबद्दल कधी खोटं सांगितलेलं नाही. शेठनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ज्या बोटांनी ती धरली होती ती रुमालाला पुसली. दुकानात माल उतरायचा आहे, असं काहीतरी म्हणून ते निघून गेले.

मग शेवंताबाई हळूच म्हणाल्या, "मामा, माझ्या अंगनात म्हशी हायेत?"

"मांजर सुदिक न्हाई."

"मंग?"

"मंग घरी जा. दूध झाकलंय का बगा."

"पोराला काय सांगू?"

"गिऱ्हाईक पळालं म्हना. खरंच हाय ते."

त्यांनी इसाराचे पैसे परत द्यायची गोष्ट काढली, तर मामांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांना पिंगळीच्या ऑटोत बसवून ते परत आले आणि स्टुलावर बसले. मी कॉम्प्युटरवरचं अर्धवट टाइप केलेलं खरेदीखत पुसून टाकलं.

"एवढ्या दिवसांत एक सौदा जमला होता, मामा."

"हं."

"का मोडला?"

मामा रस्त्याकडे बघत राहिले. "बोरीला माझं घर होतं," ते म्हणाले. "मी नोकरीवर हिंडायचो. सगळं घर मंडळीनंच सांभाळलं. ती गेली अन् म्हैनाभरात इकून टाकलं मी. घेनारानं किल्ली मागितली, मी दिली. माघारी मागायचं सुचलं न्हाई."

"मग जाऊन बघून तरी यायचं एकदा."

"जिंतूरला काम निघतं अदूनमदून. एस्टी बोरीतूनच जाती. घर डाव्या हाताला लागतं, म्हनून मी उजवीकडच्या खिडकीला बसतो."

"आणि उजवीकडे जागा नसली तर?"

मामांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"मागनं दुसरी गाडी असती ना," ते म्हणाले.