कान म्हणावं की डोकं

आमचे शेजारी अंबादासजी चालता चालता मध्येच थांबून कडुलिंबाला मिठी मारत. नवख्याला वाटे, झाडांवर फार जीव! आम्ही पांढुर्ण्याचे लोक मात्र सवयीने विचारायचो, "सुरू झालं का जी?"

"मी जागेवरच हाओ भाऊ, गाव फिरून राह्यलं!"

ही पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कानातलं पाणी हललं की तोल जातो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून डाव्या कानात घरच्या कापसाचा बोळा. मान वळवणं बंद. मागून हाक मारली की अख्खा माणूस बैलगाडीसारखा वळे. उजवा कान का मोकळा, विचारलं तर म्हणत, "त्यानं आयकाव लागते ना!"

वैद्य म्हणत पित्त, कंपाउंडर म्हणे अशक्तपणा, त्यांच्या घरच्या वहिनी म्हणत नजर. माझं तर डोकंच चालेना. शेवटी त्यांना नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्यांना झटकन आडवं केलं, मान पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळवली आणि डोळ्यांत पाहत राहिले. गाव जागचं हललं नाही. कूस बदलताना फिरतं? नाही. कान वाजतो, दडे बसतात, कमी ऐकू येतं? नाही. मग चक्कर आली की उजेड सोसतो?

"उजेड त सुईवानी टोचते. अर्धं डोकं ठणकते. पण ते वेगळं दुखणं हाये साहेब."

"वेगळं नाही. कान ठीक दिसतोय. ही अर्धशिशीची चक्कर वाटते. पुष्कळदा घराण्यात असते. घरात आणखी कुणाला?"

"नाही" म्हणता म्हणता अंबादासजी थबकले.

"पोरीले," ते हळूच म्हणाले. "तिलेबी घर फिरते. सासरचे म्हणतात, काम पाहून लोळते. मागं माहेरी आली, त मीच समजावून परत धाडली."

त्यांनी पांढुर्ण्याची गाडी सोडून दिली, सौंसरची बस धरली आणि मला थेट लेकीच्या सासरी, मोहगावला नेलं. लेक सविता अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती. अंगणात सासूबाई भांडी आदळत होत्या. आता भांडण होणार म्हणून मी दारातच थांबलो. अंबादासजींनी हात जोडले.

"बाई, हे सोंग नाही. माझ्या घराण्याचं दुखणं हाये, माझ्यापासून तिले आलं. बोलाचं असन त मले बोला."

बाईंना काय कळलं, देव जाणे. भांडी मात्र थांबली.

आत जाऊन ते लेकीचं कपाळ दाबू लागले.

"बाबा, मी खोटं नाही सांगत," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"मालूम हाये वं माय. मलेबी तसंच होते."