कागदी भिंतीमागचे पंतप्रधान

जपानमधल्या ओजिमातल्या एका भाडेवसाहतीच्या सहा नंबरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या सभागृहात, दर शनिवारी दुपारी दोन ते सहा या वेळेत ब्रिटनचं सरकार पडत असे. कधी पावणेतीनला पडे, कधी साडेपाचला. एकदा तर चहा उकळेपर्यंत दोनदा पडलं. पडलेलं सरकार आवरून, डब्यांत भरून, टेबलं पुसून, खुर्च्या भिंतीला लावून सहाच्या आत किल्ली परत करावी लागे, कारण सहानंतर तिथे ज्येष्ठ नागरिकांचा कराओके असे.

हा कारभार बावीस वर्षं अंबरीष खांबेटे यांनी चालवला होता. वय चौपन्न, मूळ कर्वेनगर, सध्या मुक्काम चौथा मजला. नोकरी कावासाकीच्या एका कंपनीत, जिथे ते खांबेटे-सान होते आणि दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय तक्त्यात भरत. कॉलेजच्या होस्टेलवर त्यांनी वीस बाजूंचे फासे टाकून हजारो राक्षस मारले होते. राक्षसांचा कंटाळा आला तेव्हा ते ब्रिटिश राजकारणाकडे वळले. साडेसहाशे मतदारसंघांचा पुठ्ठ्याचा नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवला. तो पसरला की अडीच मीटर बाय दोन मीटर होई. घरात पसरला तर बायकोला आणि मुलीला गॅलरीत उभं राहावं लागे. हा प्रयोग एकदा झाला होता. दुसऱ्यांदा करायची परवानगी मिळाली नाही. म्हणजे सभागृह होतं म्हणून खेळ होता, आणि खेळ होता म्हणून आठवड्यातले चार तास खांबेटे कुणीतरी होते.

मतांची त्यांना कमतरता नव्हती. फोनमधला फासा हा फासा नव्हे. दुकानात आपणच सामान स्कॅन करायचं, आपणच पिशवीत भरायचं आणि वर यंत्रानं आपले आभार मानायचे, ही प्रगती नसून वेठबिगारी आहे. पण खरी धार चढे ती ब्रिटनवर. "हे लोक कॅलेंडरची पानं उलटावीत तसे पंतप्रधान उलटतात," ते म्हणत. "जनमत घेतलं. ठीक. पण कागद वाचला का कुणी? शिक्के मारून मोकळे झाले आणि दुसऱ्या दिवशी विचारायला लागले, काल आपण नक्की काय ठरवलं. असल्या लोकांना मत द्यायचा अधिकार कशाला हवा?" ब्रिटनचा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव हीथ्रो विमानतळावरच्या पाच तासांचा होता, त्यातले दोन रांगेत गेले. स्वतः शेवटचं मत कधी दिलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. भारतात मत द्यायला विमानाचं तिकीट काढणं वेडेपणाचं, आणि जपानमध्ये परदेशी माणसाला मत नाही. त्यामुळे त्यांची राजकीय मतं वापराविना करकरीत नवी राहिली होती.

एका मंगळवारी दारात काईरानबान आली. ही वसाहतीच्या रहिवासी संघाची फिरती फाइल. आपल्या घरासमोर शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराच्या मुठीला अडकवायची. बावीस वर्षांत खांबेट्यांनी अशा अडीचशे फायलींवर शिक्के मारले होते. आतला कागद जपानीत असे, आणि शिक्का मारायला वाचता येण्याची अट नव्हती.

या वेळी त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीनं, आर्यानं, फाइल उघडली आणि जपानीत काहीतरी म्हणाली.

"मराठीत बोल," खांबेटे म्हणाले.

"मग तू पण जपानीत वाच ना, बाबा. संघाची वार्षिक सभा आहे. शनिवारी दोन वाजता, सभागृहात."

"शनिवारी? दोनला? आमच्या सभागृहात?" खांबेट्यांनी चष्मा काढला. "या शनिवारी मी पंतप्रधान होतोय. तीन वर्षं विरोधी बाकावर काढलीत मी."

"चौथा विषय बघ. सभागृहाबद्दलच..."

"एकदा अधिवेशनाची तारीख ठरली की पुढे ढकलता येत नाही, आर्या. संसदीय संकेत असतो तो."

"बाबा, चौथा विषय."

"जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी काही सोय असेलच की."

आर्यानं खालचा भाग दाखवला. "अधिकारपत्र. सही केलीस की तुझं मत अध्यक्षांना. पण ते..."

"झालं तर." खांबेट्यांनी सही केली, शिक्का मारला. मग प्रतोदाच्या थाटात त्यांनी वसाहतीतल्या बाकी तीन खेळाडूंना, यामिनी, शशांक आणि प्रताप यांना, आदेश पाठवला की सर्वांनी सह्या करून कागद अध्यक्षांच्या पेटीत टाकावेत. बावीस वर्षांत त्यांचा आदेश प्रथमच शंभर टक्के पाळला गेला.

"निदान वाच तरी," स्वयंपाकघरातून त्यांची बायको कल्पना म्हणाली. "इथे टोस्टरची माहितीपुस्तिका वाचतोस दोन-दोन दिवस."

"टोस्टर आपल्याला वापरायचा असतो," खांबेटे म्हणाले.

चौथा विषय असा होता. ज्या मंडळांनी सभागृहाची कायमची वेळ घेतली आहे, पण ज्यांचा एकही सदस्य लागोपाठ तीन वर्षं वार्षिक सभेला आलेला नाही, त्यांनी यंदा एक माणूस पाठवावा. माणूस आल्यास वेळ कायम. न आल्यास रद्द. या हजेरीसाठी अधिकारपत्र चालणार नाही. अशा मंडळांची यादी सोबत जोडली होती. यादीत एकच नाव होतं: ब्रिटिश संस्कृती अभ्यास मंडळ. पत्ते-फाशांच्या खेळाला सभागृह मिळत नाही, म्हणून खांबेट्यांनी बावीस वर्षांपूर्वी हेच नाव नोंदवलं होतं. आपल्या खेळाचं अधिकृत नाव काय, हे आता त्यांच्याही लक्षात नव्हतं.

शनिवारी सभा मोठ्या दालनात भरली. खेळाला शेजारची चटयांची खोली मिळाली. मधे लाकडी चौकटीची सरकती कागदी भिंत. खांबेटे त्या भिंतीपासून पाच पावलांवर गुडघे मोडून बसले होते.

पलीकडे गणपूर्तीची चिंता चालली होती. साठ घरं, एकतीस हवीत. हजर आणि अधिकारपत्रं मिळून सत्तावीस भरली. चार कमी. सभा तहकूब करून महिनाभरानं घ्यावी, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात एक बाई पेटीच्या तळाचे चार कागद घेऊन आल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. सभा सुरू झाली.

अडीचला भिंत वीतभर सरकली. अध्यक्ष ओकाबे-सान आत डोकावले. वय एक्क्याऐंशी, हातात यादी. त्यांनी वाकून क्षमा मागितली. "खांबेटे-सान, आता चौथा विषय येतो आहे. पाच मिनिटं आलात तर बरं होईल. नुसतं बसायचं आहे."

खांबेट्यांनीही वाकून क्षमा मागितली. "ओकाबे-सान, फार महत्त्वाचं मतदान चाललंय. आमचं मत तुमच्याकडे दिलंच आहे. तुम्ही योग्य तेच कराल."

ओकाबे-सान थोडा वेळ तसेच वाकून राहिले. नंतर भिंत बंद झाली.

"काय म्हणत होते?" यामिनीनं विचारलं. ती एका व्यापारी कंपनीत होती आणि मावळती पंतप्रधान होती.

"शिष्टाचार. इथे विचारल्याशिवाय काही करत नाहीत."

"जाऊन या ना दादा," शशांक म्हणाला. "आम्ही थांबतो."

"तू थांबशील. देश थांबत नाही."

"म्हातारा बराच वेळ वाकला होता पण," यामिनी म्हणाली.

"विषय बदलू नकोस. सरकार पडतंय तुझं."

खांबेट्यांनी फासा मुठीत घोळवला. किमान अठरा हवे होते. फासा इंग्लंडच्या उत्तरेला आपटला, वेल्समधून घरंगळला आणि थांबला. एकोणीस. तीन वर्षांची विरोधी बाकं संपली. यामिनीनं पंतप्रधानपदाचा पत्ता खांबेट्यांपुढे सरकवला, आणि चौघांनी टाळ्या वाजवल्या. शिस्तीत, जोरात, बराच वेळ.

भिंतीपलीकडे त्याच क्षणी ओकाबे-सान विचारत होते की चौथ्या विषयाला कुणाचा आक्षेप आहे का. संबंधित मंडळाच्या खोलीतून कडकडाट झाला. आपली वेळ रद्द होताना इतक्या मोकळ्या मनानं टाळ्या वाजवणारं मंडळ वसाहतीच्या इतिहासात झालं नव्हतं. दोन आजींचे डोळे भरून आले. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात नोंद झाली: संबंधितांच्या उत्स्फूर्त पाठिंब्यासह, एकमतानं मंजूर.

पाचवा विषय पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा होता. सभागृह व्यवस्थापक व्हायला कुणी तयार नव्हतं. मग कुणीतरी सुचवलं की ज्यांनी एवढी समज दाखवली, त्यांनाच मान द्यावा. ते हजर नव्हते, म्हणून नाही म्हणू शकले नाहीत.

साडेचारला ओकाबे-सान पुन्हा आले. या वेळी दोन्ही हातांत किल्ल्यांचा जुडगा होता आणि मागे चार माणसं अभिनंदनाला उभी होती. शशांकनं फोनवर इतिवृत्ताचं भाषांतर केलं आणि मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"एकमतानं?" खांबेटे म्हणाले. "विरोधात एकही मत नाही?"

"चार मतं तर आपलीच आहेत दादा. ठरावाच्या बाजूनं."

प्रतापनं खाली बघत विचारलं, "म्हणजे आपणच आपल्याला..."

"मला विचाराल तर," यामिनी म्हणाली, "तुमचं सरकार दोन वाजून बत्तीस मिनिटं ते दोन वाजून तेहेतीस. इतका कमी वेळ कुणाचंच सरकार टिकलं नव्हतं."

नियमानुसार नव्या व्यवस्थापकाचं पहिलं काम रद्द झालेल्या मंडळाला तसं कळवणं हे होतं. खांबेट्यांनी स्वतःला पत्र लिहिलं. ते पोचल्याची पोचही त्यांनीच दिली. मग त्यांना कळलं की अपील करता येतं. वीस घरांच्या सह्या मिळाल्या, आणि सह्या करणारे स्वतः हजर राहिले, तर पुढच्याच शनिवारी दोन वाजता विशेष सभा बोलावता येते. अर्ज सभागृह व्यवस्थापकाकडे द्यायचा होता.

रविवारी सकाळी ते निघाले. जपानी शेजाऱ्यांकडे जायचं तोंड नव्हतं, म्हणून वसाहतीतली आपली वीस घरं काढली. पहिल्या दारात एक गृहस्थ अमेरिकेच्या निवडणूक पद्धतीतला मूळ दोष पंचवीस मिनिटं समजावत होते. सभेचं विचारल्यावर म्हणाले, शनिवारी मुलाचं पोहणं असतं. दुसऱ्या दारात पुण्याच्या महानगरपालिकेचा निकाल लागला. तिसऱ्या दारात एका बँकेत असलेल्या बाईंनी लोकशाही का मरते आहे ते सांगितलं आणि विचारलं, "यायलाच पाहिजे का हो? ते अधिकारपत्र असतं ना, ते नाही का चालणार?" कुणी चहा दिला, कुणी पोहे. एकोणीस दारांत खांबेट्यांना एकोणीस खांबेटे भेटले. प्रत्येकाकडे जगाबद्दल ठाम मत होतं आणि शनिवारी दोन वाजता काहीतरी होतं. सह्या सगळ्यांनी दिल्या, न वाचता. हजर राहतो असं एकानंही म्हटलं नाही.

विसावं दार अर्धवट उघडं होतं. आत एक मराठी माणूस आरामात बसून कसलीशी व्यंगकथा वाचत होता. सभेला न जाणाऱ्या कुणा मूर्खाची असावी, कारण त्याला मधूनमधून हसू येत होतं.

"अगदी बरोबर लिहिलंय," मान वर न करता तो म्हणाला. "असेच असतात लोक."

"शनिवारी दोन वाजता सभा आहे," खांबेटे दारातून म्हणाले. "स्वतः यावं लागेल. पाच मिनिटं. नुसतं बसायचं आहे."

"हो हो, बघू. एवढी शेवटची ओळ राहिलीय, ती वाचून होऊ द्या."

खांबेटे दारात उभे आहेत. तुमची ओळ वाचून झाली.